साडेसहाशे अंशांवरची शिवण

"मॅडम, शिवन कुनीकडं ठिवू?"

मगदूममामांनी हे विचारलं तेव्हा मी एका हातात ड्रॉइंगची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात चहाचा ग्लास घेऊन फॅब्रिकेशन शेडच्या दारात उभी होते. सकाळचे साडेदहा वाजले होते. कुरकुंभच्या माळावर मार्चमध्ये साडेदहालाच डोक्यावरचं हेल्मेट तव्यासारखं तापतं. मला घाई होती ती फक्त सावलीत जायची.

"दोन पाईपांच्या शिवणी एका रेषेत येऊ देऊ नका, बस्स. बाकी कुठेही ठेवा," मी म्हणाले.

"ते हाय ध्यानात," मामा म्हणाले. "पर हितनं म्होरं लाईन जिन्याच्या कडंनं खाली येतीया. मान्सं जात्यात-येत्यात तिथनं. म्हनून इचारलं."

"मग वरच्या अंगाला ठेवा."

"बरं," म्हणून ते वळले. चार पावलं गेले आणि परत आले. "न्हाई, काय हाय मॅडम, वर ठिवली तर जिन्याच्या वरल्या पायरीवरचा मानूस तिच्या म्होरं येतोय. आमच्यात शिवन मान्साकडं ठिवत न्हाईत. पाईप फाटला तर शिवनीतच फाटतोय."

मला हसू आलं. साइटवर अशा रीती पुष्कळ असतात. नव्या यंत्राला लिंबू-मिरची बांधतात, अमावास्येला क्रेन उचलत नाहीत, तसंच हेही असेल असं मला वाटलं. मी अठ्ठावीस वर्षांची होते, पुण्याच्या एका डिझाइन कंपनीत पाईपिंग विभागात होते, आणि तेव्हा मला बऱ्याच गोष्टींचं हसू यायचं. आडनाव कारखानीस, त्यामुळे साइटवरच्या लोकांनाही माझं हसू यायचं. एकूण हिशेब सारखाच होता.

आप्पासाहेब मगदूम मूळचे कागलकडचे. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. पाईप जोडणाऱ्या सगळ्या टोळीचे ते फोरमन होते. ते पाईप जुळवून उभे करायचे आणि त्यांच्या हाताखालचे चार वेल्डर ते जोडायचे. बाकीचे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे.

"मामा, इतका विचार नका करू हो," असं म्हणत मी ग्लास खाली ठेवला आणि समोर घोडीवर आडव्या पडलेल्या पाईपाकडे पाहिलं. स्टेनलेस स्टीलचा, सोळा इंची, चकचकीत. त्याच्या लांबीभर एक बोटभर रुंदीची खरबरीत रेघ गेली होती. पत्रा गोल वळवून दोन कडा वेल्डिंगने जोडल्या की असा पाईप होतो, आणि त्या जोडाला कामगार शिवण म्हणतात. दुसऱ्या जातीचा पाईप अखंड ओढून काढलेला असतो, त्याला शिवणच नसते.

आणि माझं हसू तिथेच विरलं. कारण ही साडेसहाशे अंशांच्या गरम वायूची लाईन होती, आणि माझ्या आठवणीत ती बिनशिवणीची होती.

"मामा, आत्ता हा जोड लावू नका. मी येते," मी म्हणाले.

पत्र्याच्या कंटेनरमधल्या ऑफिसात जाऊन मी फाईल काढली. माझी आठवण चुकली नव्हती, अर्धवट होती. पहिल्या ड्रॉइंगवर बिनशिवणीचाच पाईप होता. तो मिळायला पाच महिने लागणार असं कळल्यावर खरेदी विभागाने विचारलं होतं, की त्याच धातूचा, तेवढ्याच जाडीचा शिवणीचा पाईप लगेच मिळतोय, शिवणीचा संपूर्ण एक्स-रे काढून देतो म्हणताहेत, चालेल का? ऑफिसने चालेल म्हटलं होतं. सुधारित कागदावर तीन सह्या होत्या. गणित मांडणाऱ्याची, तो सहकारी तोवर परदेशी गेला होता. मंजुरी देणारे आमचे विभागप्रमुख तारकुंडे साहेब, त्यांची. आणि मधली, तपासणाऱ्याची, माझी.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. ड्रॉइंगमध्ये काही बदललं, की बदललेल्या जागेभोवती नागमोडी रेघेचा ढग काढतात. तपासणाऱ्याने तो ढग शोधायचा आणि आत काय बदललं ते पाहायचं. ढगाबाहेरचं आधीच तपासून झालेलं असतं, म्हणून तिकडे कोणी पुन्हा बघत नाही. दिवसाला तीस-तीस कागद टेबलावर येतात, ढग नसते तर आम्ही कधी घरीच गेलो नसतो. या कागदावर ढग होता तो एका शब्दाभोवती. बिनशिवणीच्या जागी शिवणीचा. मी ढगात पाहिलं, धातू तोच, एक्स-रे संपूर्ण, म्हणजे शिवण मूळ पाईपाइतकीच मजबूत, ठीक आहे, म्हणून सही केली. मला चारएक मिनिटं लागली असतील. पाईपाची जाडी ढगाच्या बाहेर होती.

एक्स-रे झालेली निर्दोष शिवण पूर्ण ताकदीची धरायची, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलं जातं, आणि ते खोटं नाही. पण पोलाद फार तापवून वर्षानुवर्षं ताणाखाली ठेवलं, तर ते मुंगीच्या पावलांनी ताणत जातं, आणि शिवणीपाशी बाकीच्या अंगापेक्षा लवकर दमतं. म्हणून आमच्या नियमांच्या पुस्तकात, त्याला आम्ही कोड म्हणतो, नव्या आवृत्तीत एक तक्ता घातला होता. पाचशे दहा अंशांपर्यंत शिवणीची ताकद पूर्ण धरा, पुढे कमी कमी करत जा. साडेसहाशेला शंभरातली सत्त्याहत्तर. तो तक्ता मी वाचला होता. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसातल्या नव्या लोकांना मीच तो फळ्यावर काढून समजावला होता. म्हणजे अज्ञानाची सबबसुद्धा माझ्याकडे नव्हती.

मी गणित पुन्हा मांडलं. अखंड पाईपाला जाडी लागत होती नऊ मिलिमीटर. शेडमधला पाईप साडेनऊचा, म्हणून सगळे निश्चिंत. शिवणीचा तक्ता लावल्यावर लागत होते पावणेबारा. तीनदा मांडलं. तीनदा पावणेबाराच आले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं, असं म्हणतात ना, तसं खरोखर झालं. पाण्याची बाटली समोर होती आणि ती उघडायला हात उठेना.

अकरा दिवसांनी लाईन तापवायची होती. अडतीसपैकी एकतीस जोड झाले होते. हे सगळं कापायचं, नवा जाड पाईप बनवून आणायचा, म्हणजे कारखाना दोन-अडीच महिने पुढे जाणार. आणि विचारणार एवढंच, की सही कोणाची? त्या महिन्यात लीड इंजिनिअरच्या यादीत माझं नाव होतं. आमच्या विभागातली मी पहिली बाई, जिला एकटीला साइटवर पाठवलं होतं. पाठवू नका म्हणणारे दोघं-तिघं होतेच, त्यांच्या हातात मी आयतं कोलीत देणार होते.

मी खोटं सांगणार नाही. दुपारी दोन वाजेपर्यंत मी त्या कंटेनरमध्ये बसून गप्प राहण्याची कारणं गोळा करत होते, आणि ती फार चांगली होती. थंड पाण्याची दाबचाचणी हा पाईप सहज पास होईल. लाईन तापवली तरी काही होणार नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्याही नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी कधीतरी, कदाचित. कदाचित कधीच नाही, कारण गणितात थोडी सूट धरलेली असतेच. तोवर ही फाईल कुठल्यातरी गोदामात जाईल आणि मी दुसऱ्या नोकरीत. मी असं करून बघितलं, की जणू तो कागद दुसऱ्या कोणी तपासला आहे आणि मी त्याला माफ करते आहे. माफी फार पटकन मिळत होती.

पण त्याच वेळी खिडकीतून तो जिना दिसत होता. पाळी बदलायची वेळ होती. माणसं डबे घेऊन चढत होती, उतरत होती, आणि एकजण वरच्या पायरीवर थांबून बुटाची नाडी बांधत होता. तिथेच, बरोबर मामांनी सांगितलं त्या पायरीवर. तो माणूस कोण होता ते मला आजही माहीत नाही. त्याने नाडी दुहेरी गाठ मारून बांधली आणि निघून गेला.

मी पुण्याला फोन लावला.

तारकुंडे साहेबांचा विभागात दरारा होता. ओरडायचे नाहीत, पण त्यांच्या टेबलावर दोन पेन्सिली असायच्या, पिवळी आणि लाल. तपासलेला कागद परत यायचा तेव्हा जे बरोबर त्यावर पिवळी रेघ, चुकलेल्यावर लाल. शेरा काही नाही. लाल रेघ मोठी असली की माणूस दोन दिवस जेवणाच्या सुट्टीतसुद्धा त्यांच्या टेबलासमोरून जात नसे.

मी सगळं सांगितलं.

"तू तपासलंस?"

"हो सर."

"ढगात पाहिलंस."

"हो सर."

"मी तर ढगातसुद्धा पाहिलं नाही. तुझी सही पाहिली," ते म्हणाले. मग म्हणाले, "काम थांबव. उद्या सकाळी मी येतो. आणि कारखानीस, तोवर कोणाशी भांडू नकोस, आणि रडूही नकोस. दोन्हीत वेळ जातो."

काम थांबवायला शेडमध्ये गेले. मामा कामाला लागलेले नव्हते, पाईपाशी बसून राहिले होते. लाईनचं सगळं काम बंद ठेवायचं म्हटल्यावर त्यांनी हातमोजे काढले.

"पोरांचं वेल्डिंग खराब निगालं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा. त्यांचं काही नाही त्यात."

"मग कापनार का?"

"बहुतेक."

त्यांच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक होतं. प्रत्येक वेल्डरचं एक ओळखपत्र असतं, त्याची परीक्षा झालेली असते, आणि त्याचे किती जोड बाद झाले याची नोंद राहते. बाद जोड ठरावीक संख्येबाहेर गेले, की कार्ड जातं. कार्ड गेलेल्या वेल्डरला चांगल्या साइटवर कोणी दारात उभं करत नाही. इथे तर एकतीस जोड कापले जाणार होते. मामांनी पुढे काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. चूक माझी आहे, एवढं वाक्य त्या दिवशी त्यांच्यासमोर माझ्या तोंडून फुटलं नाही. फोनवर साहेबांना सांगणं सोपं गेलं होतं, ज्यांचं काम वाया जाणार होतं त्यांना सांगणं जमेना.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तारकुंडे साहेब आले. आल्याआल्या त्यांनी माझं गणित मागितलं, स्वतः एकदा मांडलं, आणि मान हलवली. मग आम्ही कारखान्याचे प्रकल्प व्यवस्थापक चंद्रात्रे यांच्या खोलीत गेलो.

चंद्रात्रे वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगते. त्याने सगळं ऐकलं, कपाळावर हात मारून घेतला, पाच मिनिटं येरझाऱ्या घातल्या, आणि पाईप बदलायला तयार झाला. मी तर थक्क झाले. एवढ्या लवकर तो तयार होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"बदलू. धोका नको," तो म्हणाला. "फक्त कारण काय लिहायचं ते ठरवू. डिझाइनची चूक असं वरती गेलं, तर चौकशी लागेल. तुमचंही नाव खराब आणि तुम्हाला काम दिलं म्हणून माझंही. त्यापेक्षा सरळ लिहू या की जोडांचा दर्जा समाधानकारक नाही, म्हणून लाईन नव्याने करतो आहोत. साइटवर असं होतच असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि वेल्डर?" मी विचारलं.

"त्यांचं काय? कंत्राटी माणसं आहेत मॅडम. इथे नाही तर दुसरीकडे."

मी तारकुंडे साहेबांकडे पाहिलं. आता ते काहीतरी बोलतील, हातातली फाईल आपटतील, अशी माझी अपेक्षा होती. ते खिडकीबाहेर बघत होते. आणि माझ्या मनात, ते मी आता लपवत नाही, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पाईप बदलला जाणारच होता. जिना सुरक्षित होणार होता. माझं नावही राहणार होतं. देवाने याहून जास्त काय द्यायचं?

"कारणाचा मेमो आमच्याकडून जातो ना?" साहेबांनी विचारलं.

"हो, तुमच्याकडूनच."

"मग तो कारखानीस लिहील," ते म्हणाले. "मी तपासतो."

आणि ते उठून बाहेर चहा प्यायला गेले.

त्यांनी मला सांगितलं असतं की खरं लिही, तर मी लिहिलं असतं आणि आयुष्यभर ते त्यांचं खरेपण राहिलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. कोरा कागद माझ्यासमोर ठेवला आणि गेले. त्या माणसाचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, पण त्या चहाएवढा मोठा दुसरा नाही.

मी कंटेनरमध्ये जाऊन मेमो लिहिला. तासाभराने साहेबांपुढे ठेवला. त्यांनी खिशातून पेन्सिली काढल्या, दोन्ही, पुण्याहून आणल्या होत्या.

'सदर लाईनवरील एकतीस जोड तपासणीत निर्दोष आढळले आहेत.' पिवळी रेघ.

'वेल्डिंगच्या दर्जाशी या बदलाचा काहीही संबंध नाही.' पिवळी.

'शिवणीच्या पाईपासाठी उच्च तापमानात ताकद कमी धरावी लागते. ती न धरल्यामुळे जाडी अपुरी ठरली.' पिवळी.

'ही त्रुटी गणना तपासताना नजरचुकीने राहून गेली.' इथे पेन्सिल थांबली. त्यांनी लाल उचलली आणि 'राहून गेली' खाली रेघ ओढली.

"आपोआप राहिली?"

मी कागद परत घेतला आणि लिहिलं, 'ही त्रुटी गणना तपासताना माझ्याकडून राहिली,' आणि खाली पूर्ण नाव. मृदुला श्रीकृष्ण कारखानीस. अक्षर शाळकरी आलं.

साहेबांनी त्यावर पिवळी रेघ ओढली. मग लाल पेन्सिलीने माझ्या वाक्याच्या पुढे एक खूण केली आणि स्वतःच्या पेनाने तिथे लिहिलं, 'मंजुरी देताना मीही गणना तपासली नाही.' खाली सही केली. चष्मा काढून पुसला.

"हे जड जाईल तुला," ते म्हणाले. "लीडची यादी या वर्षी विसर. पुढच्या वर्षीचंही मी सांगू शकत नाही."

"चालेल सर."

"चालेल नाही. वाईट वाटेल. वाटू दे." मग टाईप करून आणलेल्या मेमोवर आम्ही दोघांनी शाईने सह्या केल्या, आणि ते तो चंद्रात्रेंना दाखवून आले. आत काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. वीसेक मिनिटांनी बाहेर आले तेव्हा मेमोवर पोच म्हणून चंद्रात्रेंची सही होती.

मी शेडमध्ये गेले. चारही वेल्डर बाहेर लिंबाच्या सावलीत बसले होते. मामा आत घोडीपाशी एकटे होते.

"मामा, जोड कापायचे आहेत. पाईप जाड घालायचाय," मी म्हणाले. "वेल्डिंग चांगलं आहे. गणित माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मेमो पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, आणि परत माझ्याकडे दिला. "चष्मा न्हाई. वाचून दावा."

मी वाचून दाखवला. एकतीस जोड निर्दोष आहेत इथे त्यांनी हात वर केला, "परत वाचा," म्हणाले. मी परत वाचलं. मग माझ्या नावापर्यंत आले. साहेबांच्या वाक्यापर्यंत आले. वाचून संपल्यावर ते घोडीवर टेकले.

"तुमची नोकरी जाईल काय?"

"नाही बहुतेक. बढती जाईल."

त्यांनी पाईपाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्या पयलं वेल्डर हुतो. ठावं हाय तुमाला?"

मला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं.

"चांगला हुतो. शिकाऊ वेल्डरला माज्याकडं आनून दावायचे, आसं असावं म्हनून. तिकडं लांब, दुसऱ्या राज्यात एका कारखान्यात आशीच गरम लाईन हुती. चार वर्सं चालली. मग येक दिस शिवन उसवली, हितनं तितपातुर." त्यांनी हाताने पाईपाच्या लांबीवर रेघ ओढली. "येक ऑपरेटर हुता तिथं उभा. बायका-पोरांचा मानूस. गेला. चौकशीला सायेब लोक आले. शिवन पाईपाबरुबर आलेली, आमची न्हवं. माजा जोड तसाच हुता मॅडम, दोन्ही अंगाचा, आख्खा. म्या बोट लावून दावला. तरी कागदावर लिवलं, साइटवरचं वेल्डिंग निकृष्ट. काय करनार? कागदाला काय बोलनार? कार्ड गेलं. तवापासनं वेल्डिंगची टॉर्च हातात घेतली न्हाई. लोकांचं पाईप जुळवून देतो."

बाहेर कुठेतरी ग्राइंडर सुरू झाला आणि थांबला.

"तुम्हाला कळलं होतं का मामा? हा पाईप पातळ आहे ते?"

"मला कुठलं कळतंय. म्या सातवी शिकलोय. नुसती शिवन दिसली की पोटात गोळा येतोय. म्हनून परत्येक सायबाला इचारतो, कुनीकडं ठिवू. सायेब म्हंतात, ठेव कुठंबी. हिथं बी दोघांला इचारून झालं हुतं."

"मीही तेच म्हणाले होते."

"व्हय. पर तुमी ग्लास खाली ठिवून पाईपाकडं बगितलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी रडू नकोस म्हटलं होतं, पण ते आदल्या दिवसापुरतं होतं असं मी धरलं. मी मामांना म्हणाले, "तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नसतंत, तर पाच वर्षांनी त्या जिन्यावर कोणीतरी मेलं असतं, आणि ते माझ्या हातून मेलं असतं. मला कळलंही नसतं. तुमचे उपकार आहेत माझ्यावर." हे मी अगदी असंच म्हणाले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. गेल्या अठरा वर्षांत माझ्या हाताखाली तयार झालेल्या प्रत्येक इंजिनिअरला मी मगदूममामांचं नाव सांगितलं आहे, आणि ते नाव सांगताना आजही मला तेवढंच भरून येतं.

मामा उठले, हातमोजे कमरेला खोचले. "या कागदाच्या झेराक्स मिळतील काय? चार पोरांस्नी येक येक देतो. जवळ ऱ्हाऊ द्या त्यांच्या. उद्या कुनी काय म्हनलं तर दावाय हुईल."

"आत्ता काढून आणते. चार ना?"

"पाच," मामा म्हणाले.

"पाचवी कोणाला?"

ते जरा घुटमळले. "माज्याजवळ. माजं नाव न्हाई त्यात, ठावं हाय मला. ही काय माजी लाईन न्हवं." मग खाली बघत म्हणाले, "घरी न्हेतो. मंडळींस्नी वाचून दावाय लावतो पोरीकडनं. त्यांच्या मनात आजून हाय, की त्या टायमाला म्याच चुकलो हुतो. तोंडानं कदी म्हनल्या न्हाईत. पर हाय."

मी ऑफिसात गेले. मशिनवर पाच प्रती काढल्या. चार प्रती चार वेल्डरांच्या हातात दिल्या. पाचवी फाईलमध्ये लावली, आणि ज्याच्यावर आमच्या शाईच्या सह्या होत्या, तो मूळ कागद मामांना दिला.